जहागीर गेली म्हणजे नेमकं काय गेलं? ग्वाल्हेरची मराठी घरं, 1947 ते 1957

प्रश्न विचारणारे गृहस्थ पुण्यात राहतात, घराणं मूळ ग्वाल्हेरचं. त्यांनी लिहिलंय ते थोडक्यात असं: पणजोबांची भिंडकडे तीन गावं होती, लष्करात (ग्वाल्हेर शहराचा लष्कर हा भाग) वाडा होता, आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ दरबारच्या नोकरीत होते. 1947 साली दारात टांगा होता आणि 1957 साली आजी शाळेत शिकवून घर चालवत होती. यावर घरात तीन कथा आहेत. एक, सरकारने जमीन गिळली. दोन, फाळणीनंतर आलेल्या सिंधी-पंजाबी मंडळींनी बाजार ताब्यात घेतला. तीन, पणजोबांनी थाटात सगळं उडवलं. यातली खरी कोणती, आणि आज काही परत मिळू शकतं का?

मी लष्करात महसुली वकिली केली. आयुष्याचा मोठा भाग राजस्व मंडळात आणि तहसिलींत गेला. जहागिरीची मुआवजा-प्रकरणं, म्हणजे भरपाईची, मुआफीचे, म्हणजे सारामाफ जमिनींचे वाद, वाड्यांची भाडी, नोकरीतल्या ज्येष्ठतेची भांडणं, असले कागद सतत हाताखालून जायचे. त्या कागदांवरून जे दिसलं ते सांगतो. तुमच्या घराचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे जिथे सगळं कागदावर अवलंबून आहे तिथे तसं स्पष्ट म्हणेन.

तिन्ही कथांत थोडं थोडं तथ्य आहे. पण 'कोणी खाल्लं' असं विचारलं की उत्तर म्हणून एक आरोपीच हाती लागतो. त्याऐवजी असं विचारा, की 1947 साली या घरात पैसा कुठून कुठून येत होता आणि त्यातली कोणती वाट कधी बंद झाली? लष्करातल्या बहुतेक मराठा-ब्राह्मण घरांत चार वाटा असत: गावाचं उत्पन्न, दरबारची नोकरी, वाड्याचं भाडं आणि सावकाराकडची पत. दिसायला चार, पण एकाच टाकीला लावलेले चार नळ होते ते. टाकी म्हणजे शिंदे दरबार. दहा वर्षांत ती टाकीच हलली आणि नळ एकेक करून, वेगवेगळ्या तारखांना आटले.

आधी गावं. 'आमची तीन गावं होती' असं आपण म्हणतो, पण जहागीरदाराला दरबाराने दिलेला असायचा तो गावाचा सारा वसूल करून स्वतःकडे ठेवण्याचा हक्क. जमीन कसणारे तिथलेच, पिढ्यान्‌पिढ्यांचे. कुठे मध्ये जमीनदारही असे. पणजोबांचा स्वतःचा नांगर चालत असेल तर तो एखाद्या लहानशा तुकड्यावर. कागदात या तुकड्याला 'खुदकाश्त' लिहीत. पुढची सगळी कहाणी या एका नोंदीवर ठरली.

28 मे 1948 रोजी मध्यभारत राज्याचं उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख, यशवंतराव होळकर उपराजप्रमुख, पहिले मुख्यमंत्री लीलाधर जोशी (तेव्हा त्यांना पंतप्रधानच म्हणत). हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. मोतीमहालात सचिवालय आणि विधानसभा. लष्करातल्या लोकांना वाटलं, नाव बदललं, बाकी कारभार चालूच आहे. पण दोन कायदे आले. जमीनदारी 2 ऑक्टोबर 1951 पासून गेली आणि जहागिरी 4 डिसेंबर 1952 पासून. कायद्यांवर साल इसवी नसून संवत 2008 आहे, हे कागद शोधताना लक्षात ठेवा. ग्वाल्हेरकडचे जुने महसुली कागद विक्रम संवतात असतात. संवतातून 57 वजा केले की इसवी सन साधारण येतो.

या कायद्यांनी गावाचा हक्क सरकारजमा झाला, पण खुदकाश्त जमीन, स्वतःची घरं, विहिरी, झाडं मालकाकडे राहिली. खुदकाश्त म्हणजे जी पटवाऱ्याच्या (तिकडचा तलाठी) वार्षिक कागदांत तशी लिहिलेली आहे तीच. तोंडी काही चालत नव्हतं. आता लष्करात राहणारा जहागीरदार भिंडला वर्षातून कितीदा जात असणार? गाव सांभाळायचा दिवाणजी किंवा कामदार. कसणारा बटाईवर, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, किंवा शिकमी, म्हणजे पोटकूळ म्हणून. पटवारी दरसाल खसऱ्यात, म्हणजे शेतवार नोंदवहीत, कसणाऱ्याचं नाव लिहीत गेला आणि मालकाला त्याचं काही वाटलं नाही, कारण धान्य वेळेवर वाड्यावर येत होतं. कायदा आला तेव्हा नाव कसणाऱ्याचं, आणि त्याला पुढे पक्का कृषक, म्हणजे कायम हक्काचा कसणारा, म्हणून हक्क मिळण्याचा रस्ता कायद्यातच होता.

काही हुशार घरांनी जहागीरबंदीचा कायदा लागू व्हायच्या आधीच्या मुदतीत धावपळ केली. खसऱ्यात संवत 2005, 2006 मध्ये एखाद्या कुळाचं नाव आणि संवत 2008 मध्ये त्याच नंबरावर एकाएकी 'खुदकाश्त', अशी नोंद दिसली की मी समजायचो, पुढे दावा निघणार. निघायचाच. कधी कुळ जिंकायचं, कधी मालक, आणि दोघांचेही पैसे आमच्या फीत जायचे. पणजोबा या धावपळीत नव्हते असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. नैतिक दृष्ट्या बरंच झालं म्हणायचं, आर्थिक दृष्ट्या महाग पडलं.

आणखी एक कारण भिंड-मुरैनेपुरतं आहे. त्या वर्षांत चंबळच्या खोऱ्यात डाकूंचा जोर होता. मानसिंह 1955 साली मारला गेला, त्याच्या आधीची वर्षं फार वाईट होती. लष्करातल्या मराठी माणसाने गावी जाऊन, बैलजोडी घेऊन, खुदकाश्त करून दाखवायची म्हटलं तरी रात्र कुठे काढायची हा प्रश्न होता. माळव्यात, उज्जैन-शाजापूरकडे ज्यांची गावं होती त्यांच्यातल्या काहींनी जमीन टिकवली. भिंडवाल्यांनी क्वचितच.

मुआवजा मिळाला का? मिळाला, पण एकरकमी नाही, हप्त्यांनी. त्यातून सरकारी बाकी आधी वळती होई. मोठ्या जहागिरी थोरल्या शाखेकडे असत आणि धाकट्यांना पोटगी, म्हणून पोटगीदारही हिश्शासाठी दावे लावत. हाती आलेली किश्त बहुतेक घरांत एखाद्या लग्नात किंवा आजारपणात संपे. तिचं भांडवल झालेलं मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं.

इथे एक वही आठवते. एका पक्षकाराने पुरावा म्हणून आणली होती, घरच्या जमाखर्चाची, लाल कापडी बांधणीची. सुरुवातीची पानं मोडीत, कारकुनाच्या हातची: 'गावाहून गहू', 'गावाहून हरभरा', 'तूप घागर', पुढे दसऱ्याचा पोशाख, अत्तर, घोड्याचा दाणा. मग कारकून सुटला असावा, कारण अक्षर बदलतं, बाळबोध होतं. घरातल्याच बाईचं. धान्याच्या नोंदी विरळ होतात आणि गव्हापुढे पहिल्यांदाच भाव लिहिलेला दिसतो, म्हणजे गहू आता विकत येऊ लागला. काही पानांनंतर जमेच्या बाजूला 'वरचा मजला, भाडे', आणि शेवटी शेवटी 'ताईचा पगार'. न्यायालयाला त्या वहीतून एका खसरा नंबराचा वसूल सिद्ध करून हवा होता. तो सिद्ध झाला नाही. पण तुम्ही विचारताय ते सगळं त्या वहीत होतं.

आता सावकाराकडची जी पत म्हटली तिच्याबद्दल, कारण थाटामाटाची कथा इथे येते. पणजोबांनी खर्च केला असणार. तो त्यांच्या पदाचा भाग होता. दरबारात मानाने उभं राहायचं तर पोशाख, दसऱ्याची सवारी, घरचा गणपती, दारी चार माणसं हे सगळं लागायचं. हा खर्च रोखीने होत नसे. सराफ्यातला सावकार वर्षभर देई आणि सुगीनंतर गावाच्या उत्पन्नातून वळते करून घेई. या व्यवस्थेत पणजोबांच्या आधीच्या दोन पिढ्याही अशाच जगल्या आणि त्यांना कोणी उधळे म्हटलं नाही. 1950-51 मध्ये जहागिरी जाणार ही चर्चा पक्की झाली तेव्हा सावकाराने हात आखडता घेतला. तारण म्हणून ज्याकडे तो बघत होता तेच जाणार होतं. म्हणजे कायदा लागू व्हायच्या आधीच घरात रोकड संपली. बहुतेक घरांत दागिने निघाले ते याच दोन वर्षांत, आणि म्हणून आज्यांच्या आठवणीत 'सगळं एकदम गेलं' असं राहिलं. शिवाय महायुद्धापासून महागाई चढलेली होती आणि दरबारचे तनखे-पगार जुन्याच मानाने चालत आले होते, हे विसरू नका. 1947 चा टांगाही थोडा उसनाच होता.

दुसरी कथा, निर्वासितांची, मला सर्वांत कमी पटते. सिंधी आणि पंजाबी मंडळी आली, खूप कष्टांनी त्यांनी दुकानं उभी केली आणि लष्करच्या कापड-किराणा बाजाराचा चेहरा बदलला, हे खरं. पण तो बाजार मराठी माणसाच्या हातात होता कधी? व्यापार अग्रवाल, जैन, मुसलमान व्यापाऱ्यांचा. आपली माणसं दफ्तरात, पागेत, देवळात आणि गाण्याच्या बैठकीत. जे आपल्याकडे नव्हतंच ते कोणी घेतलं कसं? उलट वाड्यांच्या रस्त्याकडच्या खोल्यांना या मंडळींमुळे भाडेकरू मिळाले, आणि काही वर्षं बऱ्याच घरांची चूल त्या भाड्यावर पेटली.

अडचण पुढे झाली. 1950 मध्ये मध्यभारतात भाडेनियंत्रणाचा कायदा आला, 'स्थान नियंत्रण विधान' नावाचा, आणि पुढे मध्यप्रदेशाचे कायदे आले. भाडं वाढवता येईना, भाडेकरू काढता येईना. दौलतगंज, चिटणीस की गोठ, जीवाजीगंज या भागांत पुढच्या दुकानाचं भाडं इतकं किरकोळ राहिलं, की त्यातून मागच्या भिंतीची डागडुजीसुद्धा होत नसे. वाडे पडायला लागले त्याचं मोठं कारण हे. भाडेकरू सिंधी होता की मराठी, याने काही फरक पडला नाही. माझ्याकडे मराठी मालक विरुद्ध मराठी भाडेकरू असे दावे काही कमी नव्हते आणि ते जास्त कडू असत.

राहिली नोकरी. माझ्या मते खरा फटका इथे बसला, आणि तो लोकांना जहागिरीइतका दिसत नाही, कारण नोकरी 'गेली' असं झालं नाही. दरबारचे नोकर मध्यभारत सरकारात घेतले गेले. संस्थानी फौज भारतीय सैन्यात गेली. शिंद्यांची स्टेट रेल्वे (तीच ग्वाल्हेर लाइट रेल्वे) 5 नोव्हेंबर 1951 ला मध्य रेल्वेत विलीन झाली. रेल्वेतली घरं मला नेहमी नशीबवान वाटतात. त्या मध्य रेल्वेचं मुख्यालय मुंबईत. ग्वाल्हेर लाइट रेल्वेच्या कारकुनाचा मुलगा झाशी, भुसावळ करत कल्याणला पोचला आणि मागच्या नातलगांना तिथे एक पाय ठेवायला जागा झाली.

बाकीच्यांचं भवितव्य 1 नोव्हेंबर 1956 ला ठरलं. मध्यभारत संपलं, नवा मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळ. हायकोर्टाची मुख्य जागा जबलपूर. ग्वाल्हेरच्या पदरात राजस्व मंडळ, महालेखाकाराचं कार्यालय, परिवहन, आबकारी आणि भू-अभिलेख यांचे आयुक्त, आणि हायकोर्टाचं खंडपीठ पडलं. ते काही थोडं नव्हतं, माझा स्वतःचा चरितार्थ त्यावर झाला. पण सचिवालय गेलं, आणि सचिवालयाबरोबर ती घरं गेली ज्यांचे कर्ते चाळिशीत होते आणि मुलं शाळेत. शिवाय चार प्रदेशांचे नोकर एका यादीत बसवायचे होते. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम 115 खाली ज्येष्ठतेच्या ज्या लढाया झाल्या, त्या माणसं निवृत्त झाली तरी संपल्या नाहीत. दरबारच्या दफ्तरात ज्याला मान होता तो भोपाळच्या यादीत कुठेतरी खाली, भाड्याच्या क्वार्टरात.

इंदूरकरांना हे सांगितलं की ते मान डोलावतात आणि मनातून थोडे खूश होतात. त्यांच्याकडे कापडगिरण्या होत्या, सराफा होता, सट्टा होता, आणि राजधानी नसली तरी गावाचं चालत होतं. आमच्याकडेही बिर्लानगरला जियाजीराव कॉटन मिल 1921 पासून होती, पण वाड्यातल्या मुलाने मिलमध्ये जाणं म्हणजे तेव्हा कमीपणा. हा आपला दोष मी मानतो. जे तरीही गेले, हिशेबनीस म्हणून, टाइमकीपर म्हणून, त्यांच्या घरी 1955 सालीही पगार वेळेवर येत होता.

राग कुठे निघाला हे पाहायचं तर पहिल्या लोकसभा निवडणुकीकडे पाहा. देशभर काँग्रेसची लाट असताना ग्वाल्हेर आणि गुणा या दोन्ही जागा हिंदू महासभेचे वि. घ. देशपांडे जिंकले. एक सोडावी लागली, तर ग्वाल्हेरच्या पोटनिवडणुकीत त्याच पक्षाचे डॉ. ना. भा. खरे आले. त्यामागे धर्माचं राजकारण होतंच, पण उत्पन्न आणि मान एकदम हातचे गेलेल्या वर्गाची चीडही होती. 1957 मध्ये विजयाराजे शिंदे स्वतः काँग्रेसतर्फे गुण्यातून निवडून आल्या, तेव्हा ती चीड बरीच निवळली होती. किंवा चिडलेली माणसं एव्हाना गाव सोडून गेली होती, असंही असेल.

तुमच्या आजीबद्दल मात्र थोडं थांबून लिहितो, कारण तुम्ही तो तपशील पडझडीची खूण म्हणून दिला आहे. मला तो उलटा दिसतो. त्या दशकात जी घरं तगली त्यांत जवळजवळ नेहमी एक शिकलेली बाई होती. ग्वाल्हेरमध्ये मुलींच्या शिक्षणाची सोय दरबारच्या काळापासून होती, आणि नव्या राज्याला शिक्षिका हव्या होत्या. पुरुष मंडळी मुआवजाच्या तारखांना जात, ज्येष्ठतेचे अर्ज लिहीत, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरात येणारा पक्का पैसा त्या बाईचा. तुमचं घर पुण्यापर्यंत पोचलं ते तीन गावांमुळे की आजीच्या पगारामुळे, हे तुम्हीच ठरवा.

आता परत काय मिळू शकतं. जहागिरीच्या हक्काबद्दल: काही नाही. तो विषय 1952 ला संपला आणि त्यावर आज कोणी वकील आशा दाखवत असेल तर त्याची फी देऊ नका.

मुआफीचं वेगळं. तुमच्या घराकडे जहागिरीखेरीज एखादी सारामाफ जमीन होती का ते शोधा. मध्यप्रदेश भू-राजस्व संहिता 2 ऑक्टोबर 1959 ला लागू झाली, तेव्हा मध्यभारतातल्या मुआफीदार आणि इनामदारांना भूमिस्वामी, म्हणजे जमिनीचे मालक, मानलं गेलं. पण जमीन कुळाकडे असेल तर तो मौरूसी कृषक (वंशपरंपरागत कूळ) झाला आणि त्यालाही भूमिस्वामी होण्याचा मार्ग होता. बहुतेक ठिकाणी तो झालाच. देवस्थानाची मुआफी असेल तर तिच्यावर घराचा मालकीहक्क नाही. मध्यप्रदेशातल्या अशाच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केलंय, की मालक देव, पुजारी फक्त व्यवस्था पाहणारा.

कागद काढायचे तर भिंडच्या जिल्हा अभिलेखागारात तिन्ही गावांच्या संवत 2005 ते 2009 च्या खसऱ्याच्या नकला मागा. नुसतं संवत 2007 मागू नका, ओळीने पाच वर्षं असली तर नाव कधी बदललं ते कळतं. मुआवजाचं प्रकरण जहागीरदाराच्या नावाने असतं, गावाच्या नावाने नाही. सनद किंवा जुनी वही मोडीत असेल तर आधी तिचे स्वच्छ फोटो काढून ठेवा, वाचणारा नंतर मिळेल.

आणि वाडा. तुम्ही लिहिलंय की तो अजून उभा आहे, पुढे दोन दुकानं आहेत आणि चुलतभाऊ 'थोडी रक्कम घेऊन सही करा' म्हणतात. खरी मालमत्ता असेल तर ती हीच. पणजोबा कधी वारले ते आधी पक्कं करा. 17 जून 1956 च्या, म्हणजे हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या, नंतर वारले असतील तर मुलींच्या हिश्शाचा प्रश्न येतो, आणि अशा वाड्यांत आत्या-आजींच्या शाखा बहुतेक वेळा कोणी मोजलेल्याच नसतात. नगर निगमच्या नोंदीत नाव कोणाचं आहे, ते कोणत्या अर्जावरून चढलं आणि त्यावर कोणाकोणाच्या सह्या आहेत, याची नकल हातात येईपर्यंत चुलतभावांना गोड बोला, सही मात्र देऊ नका.